मंगलच्या नावावर टाकलेला दोष

मंगल गेल्याचं मला आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवरून कळलं. सकाळी डबा भरत होते, फोन वाजला. आमच्या त्या वेळच्या प्रमुखांचा मेसेज. मंगलचा ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली दोन ओळी : ‘आपली लाडकी सहकारी आपल्याला सोडून गेली. बारीकशी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे.’ पाठोपाठ हात जोडलेली चित्रं येत गेली. मी रडायला हवं होतं. मी हातातला डबा ओट्यावर आपटला. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे, हे या माणसाला ठाऊक होतं तर! चार वर्षांपूर्वी ‘तपासणीत हलगर्जी’ असा शेरा मारून तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला, तो यानंच. दीड महिना मी राग उतरायची वाट पाहिली. उतरला नाही. म्हणून लिहिते आहे... आणि हा राग सगळा त्याच्यावरचा नाही, हेही लिहिते आहे.

मी लोहाऱ्याची, मंगल ढोकीची. धाराशिवला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर. मी खोली करून राहायचे, ती रोज एसटीनं यायची. तिचे वडील, अण्णा, साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांना नंबर द्यायचे. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत सर म्हणाले, मागच्या वर्षीच्या जर्नलमधली रिडिंग उतरवून घ्या, वेळ नाही. आम्ही सगळ्यांनी उतरवली. मंगल म्हणाली, “सर, माझं रिडिंग असं आलं न्हाय. मग असं कसं लिव्हू?” तिला त्या विषयात आमच्यापेक्षा कमी मार्क पडले. मी तिला वेडी म्हटलं होतं. ती नुसती हसली. पुढंही मी तिला बऱ्याचदा वेडी म्हटलं, आणि दर वेळी मार्क मलाच जास्त मिळाले.

पुण्यात एकाच कंपनीत लागलो. काम चिपचं. टेलिफोन-इंटरनेटच्या यंत्रांत बसणारी चिप, तिच्यात बाहेरून येणारा डेटा घ्यायला आठ चॅनेल. डेटा कोणत्या ठेक्यात येतोय, म्हणजे त्याचं क्लॉक, ते वेगळ्या तारेनं येत नाही. येणाऱ्या डेटातूनच चिपनं ते हुडकून काढायचं असतं. पाठवणाऱ्याचा ठेका आणि चिपचा स्वतःचा ठेका तंतोतंत कधीच जुळत नाही. केसाएवढा फरक राहतोच. तो फरक पोटात घ्यायला प्रत्येक चॅनेलला बफर लागतो, डेटा क्षणभर थांबायची जागा. आमच्या प्रमुखांनी ठरवलं की आठही चॅनेलचे बफर पहिल्या चॅनेलच्या क्लॉकवरच वाचायचे. चिपवरची जागा वाचते, वीज वाचते. मंगल तपासणी करायची, मी तिच्याच टीममध्ये. तिनं आठ दिवसांत दोष काढला : पहिल्या चॅनेलची तार निघाली की त्याचं क्लॉक भरकटतं, आणि ज्यांच्या तारा धडधाकट आहेत ते सातही बफर तुंबतात नाहीतर कोरडे पडतात.

बैठकीत तिनं ते आकृती काढून सांगितलं. प्रमुखांच्या चेहऱ्यावर कंटाळा. मग तिला वाटलं, सोपं करून सांगावं. “सर, आमच्या ढोकीला यार्डात आठ रस्त्यांनी उसाच्या गाड्या येतात असं धरा. कारखाना गाळणार त्याच्या वेगानं, गाड्या येणार त्यांच्या वेगानं, म्हणून मधी यार्ड. आता एकाच रस्त्यावरच्या गाड्या मोजून आठही रस्त्यांची फाटकं उघडायची ठरवलं, आणि तो रस्ताच बंद पडला, तर?”

“मॅडम,” प्रमुख म्हणाले, “आपण चिप बनवतो. ऊस नाही गाळत.”

सगळी खोली हसली. मीही हसले. उसाच्या गावाजवळची, तिच्या घरी भाकरी खाल्लेली मी... मी हसले. मंगलनं मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मार्कर ठेवला.

दोषांची नोंदवही आमच्याकडं संगणकावर असायची. मंगलनं दोष तिच्या नावानं लिहिला आणि उघडा ठेवला. चिप बनवायला कारखान्यात पाठवायची तारीख जवळ आली तशी प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “ती ऐकत नाही. तुम्ही समजूतदार आहात. ग्राहक पहिल्या चॅनेलची तार काढणारच नाही, असं लिहा आणि नोंद बंद करा.” मी लिहिलं, नोंद बंद केली. मंगल त्या दोन दिवसांत चुलत बहिणीच्या लग्नाला ढोकीला गेली होती. परत आल्यावर तिनं पाहिलं. तिनं मला एवढंच विचारलं, “तू तपासून बंद केलीस, का सांगितलं म्हणून?” मी स्क्रीनकडं वळले.

पुढं व्हायचं तेच झालं. ग्राहकाच्या माणसानं दुरुस्तीसाठी पहिल्या चॅनेलची तार काढली आणि सगळं यंत्र मुकं झालं. एकदा नव्हे, जागोजागी. चौकशी बसली. टेबलाच्या त्या बाजूला तिघं, या बाजूला आम्ही दोघी. “दोष तुमच्या नावावर आहे आणि बंद आहे. याचा अर्थ काय?” मंगल म्हणाली, “दोष मी लिहिला. बंद मी केला नाही.” कुणी केला, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारायचं नव्हतंच त्यांना. माझं नाव निघालं असतं तर त्यामागून प्रमुखांचं निघालं असतं. मी तिच्या शेजारी बसले होते. पाण्याच्या ग्लासाकडं बघत होते. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं.

आठवड्याभरात तिनं राजीनामा दिला. वर्षभरानं नवी चिप आली, प्रत्येक चॅनेलला त्याचं क्लॉक, त्याचा बफर, हुबेहूब मंगलच्या आकृतीसारखी. कंपनीच्या कार्यक्रमात त्या सुधारणेबद्दल प्रमुखांचा सत्कार झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

गेल्या वर्षी मी ढोकीला गेले. ती तेव्हा धाराशिवच्या एका तंत्रनिकेतनात तासिकेवर शिकवत होती. मी पायरीवरच म्हटलं, “मंगल, माझं चुकलं.” तिनं चहा ठेवला. अण्णा बाहेर बाजेवर होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलली, पण आवाजाला धार होती.

“सुमे, माफी माझ्या घरी येऊन मागून काय करू म्या? तिथं लिव्हून दे. नोंद तू बंद केलीस, सांगितलं म्हणून केलीस, एवढंच. माझं नाव तिथं खराब हाय, इथं न्हाय.”

“बघते,” मी म्हटलं.

“बघ. न्हायतर पुन्यांदा माफी मागायला येऊ नको.”

मी पाहिलं नाही. हप्ते, मुलीची शाळा... कारणं सगळ्यांकडं असतात. मग दीड महिन्यापूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं, दोन दिवस तिनं गोळ्यांवर काढले, तिसऱ्या दिवशी शिकवताना फळ्यापाशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. सोलापूरला नेईपर्यंत संपलं होतं. वय एकेचाळीस. तिच्या मरणाचा ठपका मी कुणावर ठेवत नाही. पण त्याआधीच्या चार वर्षांचा ठेवते. प्रमुखांवर, चौकशीतल्या तिघांवर आणि माझ्यावर. दहाव्यानंतर मी कंपनीला लिहून दिलं. उत्तर आलं, ‘संबंधित प्रकरण निकाली निघालेलं आहे.’ जिवंतपणी दिलं असतं तर तिला निदान ते उत्तर फाडता आलं असतं.

मागच्या आठवड्यात अण्णांनी सोपवलेली तिची पुस्तकं द्यायला तंत्रनिकेतनात गेले. प्रयोगशाळेत खिडकीशी तिनं मुलांसाठी बनवलेला बोर्ड अजून चालू आहे. दोन स्वस्तातल्या सर्किटांमध्ये चार तारा, प्रत्येक तारेसमोर लाल दिव्यांची एक उभी रांग. बफर भरेल तसे दिवे एकेक वर चढतात, टोकाशी येण्याआधी एक रिकामा शब्द, म्हणजे मजकूर नसलेला डेटाचा तुकडा, गाळला जातो आणि रांग पुन्हा मध्यावर उतरते. एक विद्यार्थिनी मला दाखवत होती. तिनं पहिली तार उपटली. पहिली रांग विझली, बाकीच्या तीन शांतपणे चढत-उतरत राहिल्या.

“मॅडम दरसाल हे करून दाखवायच्या,” ती म्हणाली. “आन् एका चिपची गोष्ट सांगायच्या. त्यांनी दोष काढलेला, दुसऱ्याच बाईनं बंद केलेला. त्या बाईचं नाव मात्र कधी सांगितलं न्हाय. आमी लई विचारलं.”

“मी ती,” मी म्हटलं.

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. हातात ती तार तशीच.

“मंग तुमी तवाच का न्हाय बोललाव?”

तिनं वाट पाहिली, मग माझ्याकडं पाठ करून तार जागेवर बसवली आणि पहिली रांग मध्यावर येईपर्यंत दिवे मोजत उभी राहिली.