बाबांच्या नावावर जमलेलं संशोधन

माझा धाकटा भाऊ मेंदूचा डॉक्टर आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. दुसऱ्याच्या मेंदूत काय बिघडलंय ते तो अचूक सांगतो. स्वतःचे कागद कुठे आहेत ते मला विचारतो. प्राध्यापकपदाच्या अर्जाची मुदत सोमवारी संध्याकाळी संपणार होती आणि शनिवारी सकाळी तो खांदा कॉलनीत माझ्या घरी लॅपटॉप आणि पिशवीभर छापील पेपर घेऊन उगवला.

"ताई, माझ्या संशोधनाची यादी करून दे. तुला आवडतात ना याद्या."

"मला पूर्ण झालेल्या याद्या आवडतात," म्हटलं आणि रकाने पाडले. पेपरचं शीर्षक, मासिक, साल आणि शेवटी सायटेशन, म्हणजे इतर किती संशोधकांनी आपल्या लेखनात त्या पेपरचा आधार घेतला. समितीचं लक्ष याच शेवटच्या रकान्यावर असतं. मागच्या खेपेला याच आकड्यापायी त्याची बढती हुकली होती.

दुपारपर्यंत हिशेब जुळेना. पिशवीत पेपर जास्त, सायटेशन मोजणाऱ्या वेबसाइटवर त्याच्या नावाखाली कमी. उरणकडच्या गावांत हिंडून, फिट येणाऱ्या रुग्णांना घरी जाऊन तपासून लिहिलेला त्याचा सगळ्यांत मेहनतीचा पेपर तर तिथे नव्हताच.

"तो कुणी वाचलाच नाही गं," तो म्हणाला. "सोड."

सोडणं मला जमत नाही. मी नावाऐवजी पेपरचं शीर्षक शोधलं. पेपर होता. सायटेशनही भरभरून होती. लेखक मात्र आमचे बाबा.

शाळेच्या दाखल्यावर असतं तसं या शहाण्याने परदेशी मासिकांनाही लिहून पाठवलं होतं: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. त्यांनी शेवटचं ते आडनाव धरलं आणि बाकीची आद्याक्षरं करून टाकली. निम्मे पेपर बाबांच्या खात्यात.

बाबा शेजारीच वाल सोलत बसले होते. सारा जन्म मिठागरात गेलेला माणूस.

"बाबा, तुम्ही मेंदूचे मोठे संशोधक आहात."

"मंग? तुमी कदी इचारलंच नाय."

"याच्यापेक्षा मोठे."

"मंग बढती मना पायजे. याला बसव वाल सोलाया."

मी हसले. भाऊ हसला नाही. आधार घेणाऱ्यांची नावं तो एकेक करून वाचत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "वाचलाय गं लोकांनी."

पण सोमवार तोंडावर होता आणि मासिकांकडून दुरुस्ती यायला महिने लागणार होते. मी आपला नेहमीचा उपाय काढला: दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र. पनवेलमध्ये आमच्या ओळखीत असं प्रतिज्ञापत्र न केलेलं घर नाही. सातबारा, शाळा, पासपोर्ट, कुठे ना कुठे नाव फिरलेलं असतंच.

सोमवारी सकाळी बाबा इस्त्रीची टोपी घालून आधीच दारात उभे.

"तुमचं काय काम आहे तिथे?" भावाने विचारलं.

"नाव माजं हाय ना?"

नोटरीने कागद वाचून वर पाहिलं. "आणि हे कोण?"

"हे ते दुसरं नाव," मी म्हटलं.

सही झाल्यावर बाबा शिक्का वाळेपर्यंत कागदाकडे पाहत राहिले. "जमीन गेली, आगर गेलं. माज्या नावावर एवढंच रायलं व्हतं, त्ये पन पोरगा घेऊन चालला," असं म्हणून ते नोटरीकडे बघून हसले. नोटरीही हसला. भाऊ मात्र पेनाचं टोपण शोधत राहिला. ते त्याच्या हातातच होतं.

अर्ज वेळेत गेला आणि पुढे तो प्राध्यापक झाला. मग मी मासिकांना पाठवायच्या दुरुस्त्यांची यादी त्याला दिली. त्याने एकेक मेल केली. फक्त फिटवाल्या पेपरची केली नाही.

"राहिलंय गं, करतो," म्हणतो.

माझ्या यादीत ते काम अजून 'बाकी'मध्ये आहे. मी आठवण करत नाही. भाऊ रविवारी जेवायला आला की बाबा मासळीचा काटा बाजूला काढत आधी विचारतात, "काय रं, माजी किती झाली?" आणि प्राध्यापक महाशय उष्ट्या हाताने फोन उघडून त्यांना आकडा सांगतात.