आईच्या डावीकडची खुर्ची

आई गेल्याची बातमी मला पगारे आजोबांनी दिली, याचा राग महिना उलटला तरी गेलेला नाही. मी सुरगाण्यात मजुरांच्या सभेला गेले होते. चौकातल्या एसटीडी बूथवर फोन आला. पलीकडून म्हातारा आवाज... "पोरी, विमलताई गेल्या. मी त्यांच्यापाशीच हाय." मी तिची एकुलती एक मुलगी, आणि तिच्यापाशी कोण, तर सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक फिटर. बूथचा नंबर मी आईला कळवलेला, तोही तिनंच त्यांना देऊन ठेवलेला.

बाबा गेले आणि नव्वदच्या दशकात आईनं कॉलनीच्या समाजमंदिरात एकट्या म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र सुरू केलं. मी पत्रकं काढणारी. मी लिहिलं, म्हातारपणाला दया नको, हक्क हवा. कॅरम आणि चहा वाटून सरकारची सुटका करू नका. आजही माझं मत तेच आहे. आईनं ती पत्रकं कपांखाली अंथरली आणि कागद चांगला आहे, डाग पडत नाहीत, असं मला कळवलं. सगळे म्हातारे हसले म्हणे. घरी ती माझ्या कुठल्याच बोलण्यावर हसायची नाही.

तिथला तिचा एक नियम होता. स्वतःचा चहा स्वतः घ्यायचा नाही. प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्याला करून द्यायचा. आणि उजवीकडची खुर्ची रिकामी दिसली तर उठून त्याच्या घरी जायचं. आईच्या डावीकडे पगारे आजोबा बसायचे. त्या सकाळी तिची खुर्ची रिकामी दिसली, ते चालत घरी गेले, शेजाऱ्यांना बोलावून दार उघडवलं... मी दर रविवारी फोन करायचे. तो वार बुधवार होता.

परवा मी तिचा कप आणायला केंद्रात गेले. निळ्या काठाचा, खिळ्याला टांगलेला. माझ्या आईचा कप, माझ्या घरी हवा, असं मी सरळ सांगितलं. आजोबांनी कप काढला, धुतला, त्यात कोरा चहा ओतला आणि तिच्या खुर्चीपुढे ठेवला. साखर नाही. मी म्हटलं, आईला दोन चमचे लागायचे, मीच करून द्यायचे.

"तुझ्या हातचा म्हणून प्यायच्या," ते म्हणाले. "हितं आल्या की आधी कोरा, बिनसाखरेचा मागायच्या. गोडानं लय मळमळायचं त्यांना."

हे मला नाही, त्यांना सांगितलं तिनं.

मी आईच्या खुर्चीत बसले. तो कडू चहा संपवला. कप पिशवीत टाकून निघणार, तेवढ्यात सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या उजवीकडे गांगुर्डे आजी रिकामा कप पुढे करून बसल्या होत्या. मी कप खिळ्याला परत लावला, किटली उचलली आणि विचारलं, "साखर किती?"

आजींनी मला खालीवर न्याहाळलं. "तुझी आई विचारायची नाय."