छंद नव्हता, नोकरी होती

आई शारजात आमच्याकडे, अल मजाजला, राहायला आली तेव्हा मराठी मंडळाने तिचा सत्कार ठरवला. वर्धापनदिनाला ज्येष्ठांना शाल-श्रीफळ द्यायची इथे रीत आहे. ज्येष्ठ व्हायला सत्तरी गाठली की पुरतं. परिचयाच्या ओळी मी पाठवल्या. सवयीने लिहिलं : बँकेतून निवृत्त. आवड : बास्केटबॉल.

तसं खोटं काही नव्हतं. पण बँकेने तिला घेतलं होतं ते खेळण्यासाठीच. सकाळी मस्टरवर सही, तासभर लेजर, मग मैदान. मुलीला खेळायचा पगार मिळतो हे तेव्हा कुणाला पटत नसे, म्हणून लग्न जमवताना आजोबांनी ‘मुलगी बँकेत आहे’ एवढंच सांगितलं. लग्नानंतरही ती नऊ वर्षं खेळली. स्पर्धेला गावोगाव जायची, तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं जाई, ‘ऑडिटला गेलीय.’

प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. अध्यक्षांनी वाळवंटात मराठी संस्कृतीचं नंदनवन फुलवल्याचं जाहीर केलं. ते फुलायला पाऊण तास लागला. मग निवेदक म्हणाला, “काकूंनी बँकेत निष्ठेने सेवा केली आणि फावल्या वेळात बास्केटबॉलचा छंद जोपासला!”

खांद्यावर शाल, हातात नारळ घेऊन आईने माइक मागितला.

“दोन शब्द, काकू?”

“चार. छंद नव्हता, नोकरी होती.”

ती सभागृहाकडे वळली.

“खेळायला ठेवलं होतं मला. फावल्या वेळात लिहायचे ते लेजर. आमच्या घरात हे कुणी बोललं नाही. मीही नाही. आता बोलले.”

शेजारून माझ्या मुलीने विचारलं, “वेट, आजी वॉज अ प्रो?”

“हो.”

“अँड यू रोट आवड?”

उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांची मी आयुष्यभर चेष्टा केली आहे. त्या दिवशी सगळ्यांत आधी मीच उठले. पाहुण्यांना वाटलं आता त्यांची पाळी, तेही उठले आणि मग बसले.

आई व्यासपीठाच्या पायऱ्या उतरायला लागली, तशी मी धावत जाऊन तिचा दंड धरला.

“सोड,” ती म्हणाली. “चालत्या खेळाडूला धरलं की फाउल असतो.”

मी सोडला. ती एकटी, ताठ उतरली.