ग्लेनिसच्या कार्डावर अकरा जागा

ग्लेनिस टॅपलिन हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. पहाटे सहाला हजेरी, दुपारी दोनला सुटका. घरी नवरा टेरी. गोदीत पाठ मोडून घेतल्यापासून तो खुर्चीतून फारसा उठत नसे. त्याचं जेवण, त्याच्या गोळ्या, त्याची चिडचिड, सगळं तिच्याच अंगावर. रविवारी दुपारी तिची नणंद येऊन टेरीजवळ बसायची, आणि तेवढे चार तास ग्लेनिस आमच्या क्लबात पोकर खेळायला यायची. ग्रिम्सबीच्या त्या क्लबात आम्ही अकरा जण नियमित खेळणारे होतो. पैशाचा खेळ नव्हताच म्हणा. जिंकणाऱ्याला मांसाचं एक पुडकं मिळायचं, कधी नुसताच मान.

वर्षातून एकदा मात्र स्केगनेसच्या एका हॉटेलात हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा भरायची. एकशेवीस जागा. आम्ही वर्षभर तिच्याच गोष्टी करायचो. जागा राखायची तर पूर्वी टपालाने अर्ज जायचे. सगळ्यांचे अर्ज गोळा करून, नीट घड्या घालून एका पाकिटात पाठवण्याचं काम ग्लेनिस करायची. ते तिच्याकडे कसं आलं ते कुणालाच आठवत नाही. पहिल्या वर्षी तिच्या पर्समध्ये टपालाचं तिकीट होतं, एवढंच कारण असावं.

मग स्पर्धा भरवणाऱ्या लीगने अर्ज बंद केले. जागा फक्त इंटरनेटवर राखायची आणि पैसे कार्डाने भरायचे. खेळाचे तीस पौंड, वर बुकिंगचे चार. हे चार काही झालं तरी परत मिळायचे नाहीत.

"मला काही ते जमायचं नाही बाई," आर्नल्ड स्वॅबी म्हणाला. तो त्र्याऐंशीचा. मासेमारी बोटींवर आचारी म्हणून आयुष्य काढलेला. "तूच बघ की पोरी."

कॉलिन टॅक्सी चालवायचा आणि दिवसभर फोनशी खेळायचा. तोही म्हणाला, "एकीनेच केलेलं बरं, गोंधळ नको. काय गं ग्लेनिस?"

मीही माझे चौतीस पौंड तिच्या हातात ठेवले. मला जमत होतं. कंटाळा केला, दुसरं काय.

बुकिंग उघडायचं त्या शनिवारी ती कामावरून येऊन, गणवेशही न बदलता संगणकापुढे बसली. टेरी आतून दोनदा चहा मागत होता. अकरा वेळा तिने नाव, पत्ता, जन्मतारीख भरली. आर्नल्डची जन्मतारीख विचारायला तिला त्याला फोन करावा लागला आणि त्याने त्याबरोबर जन्माची हकिगतही सांगितली. दीड तासाने अकराही जागा मिळाल्या. आम्ही रविवारी तिला एक पेला वाइन पाजली आणि विषय मिटला.

तीन आठवड्यांनी तिला लीगचं पत्र आलं. एकाच कार्डावर अकरा जागा म्हणजे जागा अडवून चढ्या भावाने विकण्याचा प्रकार दिसतो, सबब सर्व जागा रद्द.

तिने फोन केले. दर वेळी अर्धा तास संगीत ऐकवून फोन बंद व्हायचा. शेवटी एका मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती गाडीने लिंकनला गेली. तिथे एक जिना चढून, दातांच्या दवाखान्याशेजारी लीगची कचेरी होती. टेबलामागे एक बाई बसली होती, हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच.

पुढचं बोलणं ग्लेनिसने मला जसं सांगितलं तसं सांगतो.

"एका कार्डावर दोनच जागा, असा नियम आहे," बाई म्हणाली.

"कुठे लिहिलाय?"

"खाली. बारीक अक्षरात."

"मी नाही वाचला."

"कुणीच वाचत नाही. मीसुद्धा इथे लागल्यावरच वाचला."

"ही अकरा माणसं आहेत हो. खरीखुरी. एकाची तर जन्माची हकिगतही सांगते तुम्हाला."

बाई हसली नाही, पण तिने सँडविच खाली ठेवलं. बराच वेळ पडद्यावर बघून ती म्हणाली, "रद्द झालेल्या जागा प्रतीक्षा यादीवाल्यांना गेल्या. पाच उरल्यात. त्या मी आत्ता तुमच्या नावावर धरते. पाच जणांची नावं शुक्रवारपर्यंत कळवा. बाकीच्यांचे तीस-तीस परत येतील. बुकिंगचे चार नाही येणार. माझ्या हातात असतं तर दिले असते."

"कुणाची नावं द्यायची ते तुम्हीच ठरवा ना," ग्लेनिस म्हणाली. "मला नका ठरवायला लावू."

"तुमची माणसं मला काय माहीत?" बाई म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी तिने आम्हाला क्लबात बोलावलं आणि झालेलं सांगितलं. मग कॉलिन म्हणाला, "बारीक अक्षरं वाचायची असतात गं. आणि आमचे ते चार पौंड?"

ग्लेनिसने पर्स उघडली आणि चार नाणी त्याच्यापुढे टेबलावर मांडली. "घे," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, नुसती थकलेली होती. कॉलिनने नाण्यांना हात लावला नाही.

"आता पानं ओढू," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठी पाच पानं ज्यांना येतील ते जातील. मी कुणाला निवडणार नाही."

तिने पत्ते पिसले, कॉलिनने काटले. एकेकाने ओढायला सुरुवात केली. मला किलवरचा राजा आला. कॉलिनला सत्ती. आर्नल्डने पान ओढून डोळ्यांजवळ नेलं, उलटं-सुलटं केलं आणि खाली ठेवलं. चौकटची पंजी. ग्लेनिसने सर्वांत शेवटी ओढलं. इस्पिकची राणी.

पाच जण ठरले आणि त्यांत ती होती. आर्नल्ड नव्हता.

आर्नल्ड आपल्या टोपीची कड चाचपत बसला आणि एकेक करून सगळे ग्लेनिसकडे बघू लागले. म्हातारा माणूस, पुढच्या वर्षी असेल-नसेल, आणि घोळ तर तिच्याच कार्डावर झालेला. तिने आपली जागा द्यावी, हे सगळ्यांनी मनात धरूनच टाकलं होतं. माझ्यासमोर राजा पडला होता. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मीही तिच्याकडेच बघत होतो.

ती मग म्हणाली, "नाही."

"कुणी काही म्हटलंय का?" कॉलिन म्हणाला.

"म्हणायची गरज नाही. मला दिसतंय. मी देणार नाही. आर्नल्ड, तुम्ही मला वाईट म्हणा हवं तर. मी दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धुते, घरी जाऊन टेरीच्या धुते. हे पान मला आलंय, मी खेळणार."

तिने कोट घातला आणि ती निघून गेली. आर्नल्ड नंतर दोन रविवार आला नाही.

सप्टेंबरात आम्ही पाच जण बसने स्केगनेसला गेलो. ग्लेनिसने निळा ब्लाउज घातला होता, ओठांना रंग लावला होता. मी पहिल्या तासातच बाद झालो आणि तिच्या टेबलामागे जाऊन उभा राहिलो. ती संथ खेळत होती. बहुतेक वेळा पानं टाकून द्यायची आणि खुर्चीला पाठ टेकून बसायची. साडेतीन तासांनी तिने दोन अठ्ठ्यांवर आपल्या सगळ्या चिप्स, म्हणजे डावाच्या चकत्या, पुढे सारल्या. समोरच्याकडे दोन दश्श्या निघाल्या. एकशेविसांत ती एकतिसावी आली. बक्षिसं पहिल्या बारा जणांना होती.

बाहेर समुद्राकडे तोंड करून आम्ही बाकावर बसलो.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "साडेतीन तास कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही रे." मग थोड्या वेळाने, "आर्नल्डचं वाटतंय. पण परत तसंच झालं तर परत नाहीच म्हणेन."

पुढच्या वर्षी बुकिंग उघडलं तेव्हा तिने स्वतःची एक जागा राखली आणि आम्हाला तसं सांगून टाकलं. कॉलिन दोन दिवस कुरकुरला, मग फोनवरून पाच मिनिटांत त्याने आपली जागा राखली. मी माझ्या कार्डावर दोन घेतल्या आणि रविवारी क्लबात एक आर्नल्डला देऊ केली.

"गेल्या वर्षी तुझ्याकडे राजा होता," तो म्हणाला.

"होता."

"मी पाहिला होता. डोळे अधू आहेत, पण राजा ओळखतो मी." त्याने चहाचा घोट घेतला. "जागा घेतो तुझी. ग्लेनिसला मात्र काही बोलू नका कुणी. त्या दिवशी तिचं बरोबर होतं."

हे तुम्ही तिलाच का सांगत नाही, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, सांगेन कधीतरी. ती पलीकडे खिडकीपाशी, आपल्या चिप्स रंगांप्रमाणे लावत बसली होती. आर्नल्ड उठला, तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "वाट गं पानं."