धोरणाचं चौदावं पान

माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांकडे दोन ढीग साचतात. एक पोचपावत्यांचा, दुसरा किश्शांचा. पोचपावत्या आमच्या कट्ट्यावरचे गायकवाडकाका फाइलला लावतात. किश्शांचं खातं माझ्याकडे.

आमचा कट्टा म्हणजे तळवड्यातली मंदाताईंची चहाची टपरी. ताई लातूरकडच्या. नवरा गेल्यापासून मुलीचं ताथवड्याचं इंजिनिअरिंग याच टपरीवर चाललंय. एक दिवस महापालिकेची नोटीस आली: टपरी फेरीवाला धोरणात बसत नाही, काढून घ्या. ते धोरण आमच्यात कुणीच पाहिलं नव्हतं. नोटीस देणाऱ्यानंही पाहिलं नसावं, अशी मला तेव्हाच शंका आली.

*

काका चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. तिथली शिस्त अशी, की पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का?' विचारायचं, म्हणजे खरं कारण सापडतं. काकांनी अर्जातही तेच केलं. टपरी का काढता? धोरणात का बसत नाही? असे ओळीने पाच का.

कायद्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत; बरोबर तिसाव्या दिवशी उत्तर आलं, "'का' या प्रश्नाचं उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही."

मी भडकलो. काका म्हणाले, "बरोबर आहे राव त्याचं. आपण कारण मागत बसलो, पार्ट ज्याच्याशी ताडून बघतात ते ड्रॉइंग मागायला पाहिजे होतं." दुसरा अर्ज एका ओळीचा होता: धोरणाची पूर्ण प्रत द्यावी.

*

त्यावर कळवलं, "धोरण वेबसाइटवर आहे." आम्ही मोबाइलवर उघडलं. तिथे लिहिलेलं, 'लवकरच उपलब्ध होईल.' मी शिव्या घालतोय तोवर काकांनी त्या पानाची प्रिंट काढून अपिलाला जोडलीसुद्धा! सुनावणी पाच मिनिटांत आटोपली.

*

प्रत मिळाली. दुसरा कुणी पेढे वाटत सुटला असता. काका काउंटरवरच उभे राहून पानं मोजायला लागले. चौदावं नव्हतं.

"एकच पान तर नाहीये, काका," क्लार्क मॅडम म्हणाल्या.

"चाकाचा एकच नट नसला तर गाडी पास कराल का, मॅडम?"

मॅडम हसल्या आणि उठल्या. खोटं कशाला बोलू, त्या बाईंनी जेवणाची सुट्टी घालवून तीन कपाटं उपसली आणि पान शोधून आणलं. त्यावर होतं: जुन्या टपरीवाल्यांना पर्यायी जागा दिल्याशिवाय हटवू नये. सरकारी ऑफिसात मी पहिल्यांदाच कुणाला मनापासून नमस्कार केला.

*

मंदाताई चौथी शिकलेल्या. दुधाला उकळी येईपर्यंत जेवढं होईल तेवढं, असं त्यांनी ते धोरण रोज बोट ठेवून वाचलं. "पर्यायी म्हंजे नेमकं काय ओ?" असं चहाला आलेल्या एका आयटीवाल्याला विचारलं. तो मोबाइलवर शोधायला लागला, तेव्हा ताईंनीच त्याला अर्थ दिलेलं आधीचं पान वाचून दाखवलं. महिन्याभरात शेजारचे वडापाववाले त्यांचा सल्ला घ्यायला लागले. मी पदवीधर आहे आणि मी ते अजून पूर्ण वाचलेलं नाही.

*

मग एका सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आलीच. काका नेमके राजगुरुनगरला लग्नाला गेलेले. साहेब उतरले, म्हणाले, "चला, सामान उचला." माणसं पुढे झाली. ताईंनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि चौदावं पान उघडून धोरण साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. मग बाकड्यावर बसून पुन्हा वाचलं. माणसांना गाडीत बसायला सांगितलं.

"हे कुठून मिळालं तुम्हाला?"

"तुमच्याच हापिसातून."

साहेबांनी पानावरचा शिक्का निरखून पाहिला. "याची एक झेरॉक्स मिळेल का मला?"

"अर्ज द्या की साहेब," ताई म्हणाल्या, "तीस दिवसांत देते."

चहा मात्र लगेच दिला.