मन्मथअप्पांची पाठ

निजामाच्या अमलात बोरीच्या जत्रेतल्या हुतूतूचे पंच म्हणजे कापडवाले मन्मथअप्पा. कुठल्या संघाचा वस्ताद हुज्जत घालायला आला की अप्पा सरळ पाठ फिरवायचे. ओरडून ओरडून तो गप व्हायचा.

त्या साली शेवटच्या डावात ताडकळसच्या गड्यानं बोरीच्या दोघांना शिवून रेघ गाठली. अप्पांनी दोघं बाद दिले. बोरीचे वस्ताद दादाराव धावत आले.

“अप्पा, त्याचा दम मधीच तुटला! साऱ्या जत्रेनं ऐकलं, तुमी न्हाई ऐकलं?”

अप्पांनी पाठ फिरवली, वर मागून ओरडणाऱ्या दादारावांना मैदानाबाहेर काढलं. बोरी हरली.

ऐकलं कुठून असणार? दोन वर्षांपासून अप्पांचे कान गेले होते. गड्यांचे ओठ बघून ते दम ओळखायचे, अन् त्या घडीला गडी पाठमोरा होता. हे फक्त घरी बायकोला, नीलम्माला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुकानात कापड फाडताना अप्पांच्या खांद्यावर हात पडला. मागं दादाराव. तीन हाका मारून झाल्या होत्या त्यांच्या. सगळं उमगून ते समोर आले, अन् ओठ दिसतील असं सावकाश बोलले, “चुकलं माझं, अप्पा. काल पाठीमागून वरडलो.”

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर अप्पांना मान वर करता आली असती.