पालीच्या चढावर साळूबाई

पालीच्या साळूबाई गेली वीस वर्षं आमच्याकडे तांदूळ घालतात. पौष लागला की इंद्रायणीचं पोतं घेऊन एसटीनं भोरला येतात, आमच्या पायरीवर टेकतात आणि म्हणतात, "वैनी, आदी पानी द्या, मग काय त्ये बोला." बासष्ट-पासष्टचं वय, किडकिडीत अंग, नेसूला काष्टा. हातांचे तळवे मात्र एखाद्या गड्याचे असावेत तसे रुंद.

त्यांचं घर पालीच्या खालच्या अंगाला, रस्ता वळून एकदम उभा होतो तिथं. डेअरी त्या चढाच्या वर. कॅन लावलेल्या सायकली, जुन्या लुना, वैरणीचे हातगाडे, सगळं त्या वळणावर येऊन अडतं. मग खालून हाक येते, "साळूआत्ते, हात लाव गं!" की ह्या तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर येतात, मागून तळवा टेकवतात, चार-पाच पावलं चालतात आणि अवघड तेवढं सरलं की परत चुलीपाशी. पण हाक आली नाही तर समोरचा माणूस धापा टाकत असला तरी ह्या ओट्यावरून हलायच्या नाहीत.

मला ते निर्दयपणाचं वाटायचं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या मालकानं एकदा न इचारता हात लावला व्हता." पुढचं हळूहळू कळलं. त्यांच्या भावकीतले एक जण दुधाची सायकल रेटत चालले होते. मालकांनी चांगल्या मनानंच मागून जोर दिला. सायकल रेटणाऱ्यांना कल्पना नव्हती. हँडल फिरलं, भरल्या कॅनांसकट ते ओघळीत गेले आणि गुडघा फुटला. अजून पाय ओढत चालतात. मालक गेले त्याला बारा वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातही त्यांच्या तोंडी तेच होतं. तेव्हापासून साळूबाईंचा नेम आहे. मी एकादशी मोडत नाही, त्या हा नेम मोडत नाहीत.

मंगळवारी मी देवीची ओटी घेऊन पालीला गेले होते. पद्मावतीचं देऊळ गडावर. माझे गुडघे आता चढू देत नाहीत, म्हणून गडावर निघालेल्या एखाद्या बाईच्या हाती ओटी वर पाठवते आणि खालूनच नमस्कार करते. नेमकी त्या दिवशी सायकलची मोठी शर्यत. वेल्ह्याहून भोरपर्यंत रस्ते बंद. ओटी वर गेली आणि मी साळूबाईंच्या ओट्यावर अडकले.

शर्यतीत पालीचाच स्वरूप होता. सात वर्षं तो एका संघाकडून पगारावर सायकल चालवतो. त्याचं काम जिंकायचं नाही. संघातला जो मुख्य गडी असेल त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या. पण आदल्या दिवशी तो मुख्य गडी पडला, मनगट मोडलं, आणि संघानं सांगितलं, आज तू लढ. मार्चमध्ये त्याचा करार संपत होता. आज जिंकला तर पुढची दोन वर्षं पक्की, नाहीतर घरी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पहिला घोळका गेला तो नुसता सर्रकन वारा लागून गेला. त्यात स्वरूप नव्हता. मिनिटभरानं एकटाच आला. खाली त्याची चेन उतरली होती म्हणे. वळणावर सायकल जवळजवळ उभीच राहिली. तोंडाला फेस, मान खाली. त्यानं मान वर केली, साळूबाई दिसल्या आणि तो म्हणाला, "आत्ते, हात!"

साळूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. पाठीला तळवा टेकवला, चार पावलं चालल्या. तो गेला. त्यांनी सूप उचललं आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागल्या.

दीड तासानं गावात फटाके वाजले. स्वरूपनं पुढच्या उतारावर सगळ्यांना गाठलं होतं आणि भोरात सहा सेकंदांनी पहिला आला होता. गुलाल उधळला गेला. साळूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाल्या, "बगा वैनी, आपल्या दारावरनं गेला."

ती साखर माझ्या तोंडात असतानाच हनुमंत धावत आला. तो साळूबाईंच्या भावकीतला, स्वरूपच्या मित्रमंडळाचा पुढारी. तोंड उतरलेलं. हातात मोबाईल. कुणीतरी वरच्या बांधावरून काढलेलं चित्रण सगळीकडे फिरत होतं: स्वरूपची पाठ आणि पाठीवर गोंदलेला बायकी हात. चेहरा दिसत नव्हता, आवाज येत नव्हता.

"पंचांनी बोलावलंय. बक्षीस आडवून ठेवलंय. आत्ते, चल."

त्या एकट्या घाबरतील म्हणून मीही जीपमध्ये बसले. पाली सुटली तसा हनुमंत मागं वळला.

"आत्ते, नीट आईक. नियम असा हाय. बघनाऱ्यानं आपनहून ढकललं तर खेळाडूची चूक न्हाई. पन त्यानं मागितलं आसंल तर वीस सेकंद वाढत्यात. तू येवडंच म्हन, पोरगं दिसलं, मला ऱ्हावलं न्हाई, म्या आपनहून हात लावला. बास."

साळूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आइकलंस का? कुनी आइकलं न्हाई तिथं. तू आन् तो."

"ह्या वैनी व्हत्या."

हनुमंतनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

"वैनी देवमानूस हाय. त्या कशाला बोलतील?"

 साळूबाई म्हणाल्या, "हनम्या, न मागता हात लावला की काय हुतं, त्ये तुज्या बापाच्या गुडघ्याला इचार."

तेव्हा मला कळलं की ओघळीत गेलेले ते गृहस्थ म्हणजे हनुमंतचे वडील. हनुमंतचा चेहरा लाल झाला. "त्ये येगळं," एवढंच म्हणाला.

भोरात शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. हार टेबलावर तसेच पडलेले. माणसं घोळक्या-घोळक्यानं वाद घालत होती, आणि सगळ्यात मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी आमचे हे. निवृत्त झाल्यापासून ह्यांना सायकलच्या शर्यतींचं वेड लागलंय. समोर मौलालीभाई. बाजारपेठेत त्यांचं सायकलचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली.

"श्रीपादराव, येकटा कुनी जिंकत न्हाई," मौलालीभाई म्हणत होते. "त्याच्या संघाची पोरं चाळीस किलोमीटर म्होरं ऱ्हाऊन वारं खात व्हती. ह्यो त्यांच्या आडोशाला. अर्धा हार त्यांच्या गळ्यात पाहिजे."

"मग नवरदेवाला घोड्यानं आणलं म्हणून अर्धी वरमाला घोड्याला घाला!" हे म्हणाले. लोक हसले.

"हसा. पन सात वर्षं ह्यो दुसऱ्यासाठी वारं खात व्हता, तवा कुनी आनला व्हता हार? त्येबी धरा की हिशोबात."

"आणि म्हातारीचा वाटा?" मागून कुणीतरी ओरडलं. "तिनं ढकललं नसतं तर तिथंच बसला असता बोंबलत!"

"कोन रं त्यो?" हनुमंत आत घुसला. "समोर ये. चढून दाव तो चढ, येकदा रिकाम्या सायकलीवर तरी!"

कॉलर धरायची वेळ आली. मौलालीभाईंनी दोघांच्या मध्ये हात घातला. तेवढ्यात ह्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. साळूबाईंच्या हातावरचं गोंदण बघून ते घोळक्यातून बाहेर आले. हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "तू तिथंच होतीस?"

मी मान हलवली.

"विचारलं तर?"

मी साळूबाईंच्या मागोमाग शाळेत शिरले.

शाळेच्या एका वर्गात तीन पंच बसले होते. मुख्य पंच एक बाई, गळ्यात शिट्टी, बोलणं गोड. कडेच्या बाकावर स्वरूप. अंगावर अजून तेच कपडे, घामाचं मीठ धरलेले. तो खाली बघत होता. खिडकीच्या गजांना धरून हनुमंत आणि आणखी दहाबारा जण.

"घाबरू नका बाई," पंच म्हणाल्या. "ह्यांच्या पाठीला तुम्ही हात लावलात?"

"लावला."

"त्यांनी मागितला, की तुम्ही आपणहून लावलात?"

खिडकीत हनुमंतनं हात जोडले. मला ते दिसलं, साळूबाईंनाही दिसलं असणार. त्यांनी एकदा स्वरूपकडे पाहिलं. मी मनात देवीचं नाव घेत होते, पण काय मागावं ते मलाच कळत नव्हतं.

"बाई," साळूबाई म्हणाल्या, "आपनहून लावला म्हनलं की ह्येचं भलं हुतंय. मला म्हाईत हाय. पन म्या न मागता कुनाला हात लावत न्हाई. बारा वर्सं झाली, येकदाबी न्हाई. त्यानं हाक मारली."

"काय म्हणाले?"

"'आत्ते, हात.' येवडंच. जास्त बोलायला दम कुठं व्हता त्याला?" आणि मग एकदम आवाज चढवून, "पन चार पावलं व्हती ती! आजचा येवडा रस्ता हाय, त्यातली चार पावलं. बाकीचं काय म्या चढले न्हाई. त्ये लिवा की तुमच्या कागदात!"

पंच बाईंनी स्वरूपकडे पाहिलं. "खरं आहे?"

तो उठून उभा राहिला. "हो. मागितला मी."

वीस सेकंद वाढले. स्वरूप चौथा गेला. बाहेर भोंग्यावरून दुसऱ्याचं नाव पुकारलं आणि मांडवात काही जणांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी शिव्या दिल्या.

मला कुणीच काही विचारलं नाही. माझ्या कपाळावर सकाळचं देवीचं कुंकू होतं. विचारलं असतं तर काय बोलले असते, हे मी आज तीन दिवस स्वतःला विचारतेय. देवासमोर बसूनही ठाम उत्तर येत नाही. म्हणून तर हे सगळं वहीत लिहून काढलं.

व्हरांड्यात हनुमंत आडवा आला. "झालं समाधान? पोराचं वाटुळं केलंस तू, आत्ते. आता गावात कुनाच्या दारात जाऊ नगंस."

साळूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मागून स्वरूप बाहेर येत होता. तो थांबला. त्याचे डोळे सुजले होते. सगळ्यांना वाटलं, आता हा काय बोलतोय कुणास ठाऊक.

"आत्ते," तो म्हणाला, "चार न्हाई. सहा पावलं व्हती."

"चारच."

"सहा. म्या मोजली. पाचव्याला वाटलं सोडशील, न्हाई सोडलंस."

"मग सहा आसतील," साळूबाई म्हणाल्या. "माज्या ध्यानात न्हाई."

तो पुढे गेला. त्याच्या कराराचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. हनुमंत जीपमध्ये बसला. जीप भरली आणि निघून गेली. साळूबाईंना कुणी चल म्हटलं नाही.

त्या आमच्याकडे राहिल्या. जेवल्या नाहीत, नुसतं ताक घेतलं. दिवसभर तावातावानं बोलणारे आमचे हे पाटावर मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "साळूबाई, तुम्ही नसता बोललात तरी चाललं असतं."

"तुमाला चाललं आसतं, सायेब. मला त्याच चढावर ऱ्हायाचंय."

सकाळी ह्यांनी स्वतः त्यांची पिशवी स्टँडवर नेली आणि पहिल्या एसटीत बसवून दिलं. साळूबाईंकडे मोबाईल नाही. पोचल्यावर कुणाच्या तरी फोनवरून कळवा, असं मी चार वेळा बजावलं. साडेनऊ वाजले, दहा वाजले. पूजेत लक्ष लागेना. गावानं साळूबाईंना वाळीत टाकलं तर म्हातारपणी कुठं जायचं बाईनं, हेच डोक्यात.

सव्वादहाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वैनी, पोचले."

"कुणी काही बोललं का?"

"स्टापवर बसली व्हती समदी. कुनी बोललं न्हाई. तोंडं फिरवली."

"मग हा फोन कुणाचा?"

"हनम्याचा. म्या म्हनलं, भोरच्या वैनी वाट बगत्यात, फोन दे." मागून कुणीतरी "बास झालं आत्ते, बॅटरी न्हाई" म्हणाल्याचं ऐकू आलं. "मागितला, तसा दिला त्यानं. बोलला न्हाई काय, पन दिला. ठिवू का आता?"